उणे ऐंशी

खारघरात सेक्टरचे आकडे ओळीनं येत नाहीत.
बारा संपला की तेरा लागेल
अशा भाबड्या हिशेबानं पहिल्या आठवड्यात
मी तीनदा चुकले
आणि तिन्ही वेळा त्याच इस्त्रीवाल्यापाशी निघाले.
तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही.
इस्त्री उचलली, तिनंच दिशा दाखवली,
परत शर्टावर टेकवली.

उदगीरला सहा वर्षं मी मॅडम होते.
अकरावी, बारावी, जीवशास्त्र.
फळ्यावर पेशी काढायचे: एक गोल,
गोलात आणखी एक गोल,
आणि मुलं वहीत खोडून खोडून
माझ्याइतकी गोल आणायची.

इथं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर
गोलबिल काही नव्हती.
ताणलेली, कोपरे फुटलेली,
घाईत तव्यावर सोडलेल्या धिरड्यासारखी
तळाला चिकटून बसलेली.
सहा वर्षांची मुलं मनात मोजली.
सातशेच्या आसपास.
कुणाकुणाला फोन करू?

लॅबमध्ये सगळे बावीस-तेवीसचे. मी एकतीस.
पहिल्या दिवशी आर्यमान उठून उभाच राहिला,
तपासणीला कुणी आलंय समजून.
आता तोच मला पिपेट धरायला शिकवतो.
"ताई, अंगठा हळू."
खडूवर पोसलेला अंगठा माझा,
त्याला मायक्रोलिटरचं काय कळणार.

गुरुवारी पेपरवाचन.
प्रश्न मला मराठीत सुचतो.
त्याला इंग्रजी कपडे घालते, बटणं लावते,
भांग पाडून दारापर्यंत आणते,
तोवर चहा आलेला असतो.

कुरियन सरांचे शब्द तीन.
वाच. कर. लिही.
चौथा मागितला की ते खिडकीतून डोंगर बघतात.

रात्री वारा फिरला की तळोज्याकडून वास येतो,
कसला ते सांगता येत नाही.
अथोइबी न बोलता उठते, खिडकी लावते.
खोलीत आम्हा दोघींची मिळून
अजून एवढीच भाषा.
आईचा फोन:
"किती वर्षं म्हणालीस?"
पाच.
"आणि मग?"
मग मी खिडकी उघडून बघते,
वास गेला का.

तिसऱ्या आठवड्यात पेशी दिल्या मला, गोठवलेल्या.
उणे ऐंशीतून काढायच्या,
कोमट पाण्यात धरायच्या,
बशीत सोडून वाढवायच्या.
दोनदा सोडल्या. दोनदा पाणी गढूळलं.
वाढलं होतं खूप काही,
फक्त जे वाढवायचं होतं ते नाही.

कपाटात हातमोज्यांच्या खोक्यामागं
एक वही सापडली.
शलाका हेंद्रे. माझ्या आधीची.
आता कुठं असते, कुणी नीट सांगत नाही.
निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात:

मेलेल्या तरंगतात.
जगलेल्याही सुरुवातीला तरंगतात.
पहिल्या दिवशी फरक कळत नाही.
हलवू नये.

आणि खाली, दुसऱ्या पेनानं:
आज डबा विसरले. दोन केळी.

तिसरी बशी ठेवली, दार लावलं,
आणि चोवीस तास
हात कुठं ठेवावेत ते मला कळेना.
अथोइबीचे कपडे वाळत होते, घड्या घातल्या.
ती हसली. तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली.
मी माझ्या भाषेत हो म्हणाले.

रविवारी लॅबमध्ये कुणी नव्हतं.
तरंगणाऱ्या पुष्कळ.
तळाशी, एका कडेला,
वेड्यावाकड्या, पाय रोवू बघणाऱ्या, अकरा.
दोनदा मोजल्या.
हजेरी घ्यावी तशा.

परतताना उत्सव चौकात
बॅग ओढत एक मुलगा आला, घामेजलेला.
सेक्टर चौदा कुठं?
मी हात उचलला, दिशा दाखवली,
पुढं चालू लागले.

इस्त्रीच्या दुकानापाशी आल्यावर लक्षात आलं,
चौदा तिकडं नाही.
मागं वळले.
तो केव्हाच निघून गेला होता,
अगदी विश्वासानं.